पांढरीवरचा हाकारा

केतकी मल्लावच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी शेकाटे ओरडायचे. पुण्यात, सहाव्या मजल्यावर, शेगडीशेजारी ठेवलेल्या चपट्या स्पीकरमधून. मल्लाव मॅडमनी घरात कोंबड्या पाळल्यात, अशी वरच्या मजल्यावरच्या बाईंनी सोसायटीकडे दोनदा तक्रार केली होती. केतकीनं त्यांना घरी बोलावून, चहा पाजून तो आवाज ऐकवला. "उजनीच्या फुगवट्यातून थेट येतोय," ती कौतुकानं म्हणाली. बाईंनी चहा घेतला, वर गेल्या आणि तिसऱ्यांदा तक्रार केली.

त्या बाईंना काय कळणार? केतकीच्या लेखी तो आवाज म्हणजे माहेर होतं. धरण झालं तेव्हा तिचं मूळ गाव पाण्याखाली गेलं आणि भोयांची वस्ती काठावर आली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावठाणाची जागा बेटासारखी उघडी पडते. तिला सगळे पांढर म्हणतात. चैत्र लागला की तिथं शेकाटे येतात. पांढरं अंग, काळे पंख, आणि देवाचं माप चुकल्यासारखे लांबच लांब गुलाबी पाय. चिखलात खडे आणि काटक्या मांडून त्यात अंडी घालतात. भोवती खोल पाणी असल्यामुळे तिथवर कुत्रं पोचत नाही की डुक्कर.

वस्तीतल्या भोयांचा एक रिवाज होता. वीण चालू असताना पांढरीजवळून जायचं, तर मोटार बंद करायची, वल्हं हातात घ्यायचं आणि लांबूनच पाखरांना विचारायचं. पाखरं बसून राहिली तर जायचं. उठली तर होडी वळवायची, मग पलीकडे तुमचं जाळं माशांनी फाटायला का आलेलं असेना. आणि मागून येणाऱ्या होडीला हात वर करून खूण करायची: बोटं फडफडवायची, मनगट फिरवायचं. म्हणजे, उठली, माघारी फिर.

केतकीचे वडील, सोपानआबा, रोज पहाटे हाच प्रश्न विचारत. "येऊ का बायांनू? कडंनं जातू, कडंनं!" आवाज असा खणखणीत की काठावरच्या घरात चूल पेटवणाऱ्या बायकांनाही ऐकू जायचा. शेकाट्यांमध्ये नरही अंड्यांवर बसतो, हे केतकीनं कॉलेजात शिकून आल्यावर आबांना सांगितलं होतं. आबांनी विचार केला आणि निकाल दिला, "अंड्यावर बसला तो बाईच. त्याला बी बाईच म्हणायचं."

अशा बापाची लेक पुढे पक्ष्यांचा अभ्यास करायला लागली यात नवल नव्हतं. नवल पुढे घडलं. वाळूउपशाच्या बोटींनी सलग काही उन्हाळे पांढरीभोवती धिंगाणा घातला आणि शेकाटे यायचे बंद झाले. उपसा थांबला, पण पाखरं परत येईनात. जागा होती तशीच होती, पाणी होतं, चिखल होता. मग का येत नव्हती?

केतकीला याचं उत्तर सापडलं ते असं. दरवर्षी वीण कुठं करायची हे या पक्ष्यांची बरीच जोडपी आदल्या हंगामाच्या शेवटीच ठरवतात. वीण संपत आली की ती आसपासच्या पाणथळींवरून फिरून येतात आणि कानोसा घेतात. जिथं पिल्लं जगली आहेत तिथला आवाज वेगळा असतो. पिल्लांची चिवचिव, आईबापांची निवांत हाक, अधूनमधून शेजाऱ्यांची भांडणं. जिथं अंडी गेली तिथं एक तर शांतता असते, नाहीतर घाबरलेली किंकाळी. आपण नव्या गावात घर घेताना चार बिऱ्हाडांना विचारतो, तसंच हे. पांढरीवर एकही बिऱ्हाड उरलं नव्हतं, म्हणून साक्ष द्यायला कुणी नव्हतं.

मग केतकीनं साक्षीदार बनवला. त्याला नाव दिलं हाकारा. सौरपट्टीवर चालणारा डबा आणि त्याला जोडलेले कर्णे, एवढंच दिसायला. साधी ध्वनिफीत लावली तर पक्षी काही दिवसांत ओळखतात, कारण फितीला उत्तर देता येत नाही. हाकारा उत्तर देत असे. वरून जाणारं जोडपं ओरडलं की तो त्यांच्याच बोलीत नवं काहीतरी बोले. तोच आवाज त्यानं दुसऱ्यांदा कधी काढला नाही. भरल्या वस्तीचा आवाज तो जुन्या ध्वनिमुद्रणांवरून शिकला होता आणि ती ध्वनिमुद्रणं केतकीनं विद्यार्थिनी असताना पांढरीवरच केलेली होती. त्यांत मागे कुठंतरी आबांची हाकही होती. केतकीच्या संस्थेतल्या तंत्रज्ञाने विचारलं होतं, "हा माणसाचा आवाज काढून टाकू ना?" केतकी म्हणाली, "राहू दे. तो ऐकून पाखरं बसून राहतात. त्यांच्या लेखी तोही सुखरूप जागेचाच आवाज आहे." शास्त्र म्हणून हे बरोबरच होतं. पण खरं कारण एवढंच नव्हतं, हे तिला स्वतःला ठाऊक होतं.

हाकाऱ्यात तिनं दुसरीही एक सोय करून ठेवली होती. कुठं तळ्यात विष मिसळलं, कुठं पूर यायचा असला, तर पाखरांना वेळेत उठवता यावं म्हणून तो भयाचा आवाजही काढू शकत असे. या सोयीला 'उठवणी' म्हणत. ती वापरायची वेळ येऊ नये, असं केतकी व्याख्यानात नेहमी म्हणायची आणि लोक माना डोलवायचे.

दुसऱ्याच उन्हाळ्यात पांढर गजबजली. वर्तमानपत्रांत फोटो आले, संस्थेनं दुसऱ्या पाणथळींवरही हाकारे बसवले. विणीची जागा म्हणून पांढर राखीव झाली. भोवतालच्या पाण्यावर तरंगते सौरपट्टे पसरायला एक कंपनी टपून बसली होती, तिला थांबावं लागलं. नियम सरळ होता. वीण दिसते तोवर राखीवपण. एखाद्या उन्हाळ्यात तपासणी समितीला वीण दिसली नाही, की राखीवपण उठलं आणि पट्टे आले. म्हणजे दरवर्षी मेमध्ये समिती येणार, आणि तेव्हा अंड्यांवर पाखरं बसलेली असायला हवीत. सगळं त्यावर होतं.

केतकी पुण्याला नोकरीवर परतली. पांढरीवरचा हाकारा आणि एक जादाचा डबा सांभाळायचं काम तिनं सुयोगवर सोपवलं. सुयोग तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो शाळेत होता. केतकीनंच त्याला जेवू घातलं, दटावलं, पोहायला शिकवलं. जगात डोळे मिटून विश्वास ठेवावा अशी दोन माणसं तिला होती, एक आबा आणि दुसरा हा.

संक्रांतीच्या सुमाराला आबांना झटका आला. जीव वाचला, हातपायही बरेचसे सावरले, पण बोलणं गेलं. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. गळा शाबूत आहे. समोरच्याचं बोलणं त्यांना कळतं. पण मेंदूतली शब्द जुळवणारी जागाच दुखावली आहे, त्यामुळे बोलता येणार नाही आणि लिहिताही येणार नाही. शब्द कधी परत येतात, कधी येत नाहीत. आणि ज्या माणसानं जन्मभर पाखरांची परवानगी मागितली, त्याच्या तोंडून आता नुसता 'अ' निघायचा.

सुयोग म्हणाला, "ताई, तू नोकरी बघ. आबांना मी हाय."

तेव्हापासून केतकी रोज रात्री जेवणाआधी व्हिडिओवर आबांना बघायची. चैत्र लागल्यापासून आबा तिला बघितल्याबरोबर हात वर करायचे, बोटं हलवायचे आणि मनगट फिरवायचे. पुन्हा पुन्हा. घामाघूम व्हायचे.

"काय म्हणतायत रे?" ती विचारायची.

"पंखा मोठा कर म्हणतायत," सुयोग सांगायचा. "उकडतंय लई. थांबा आबा, करतो."

आणि तो खरंच उठून पंखा मोठा करायचा. आबा डोळे मिटून घ्यायचे. केतकीला वाटायचं, किती प्रेमानं करतो हा पोरगा सगळं.

मेमधला एक रविवार. सुट्टी असल्यामुळे केतकीनं स्पीकर बंद केला नव्हता. ती कांदा चिरत होती, शेकाट्यांची गडबड चालू होती, आणि त्या गडबडीतून लांबून हाक आली.

"येऊ का बायांनू? कडंनं जातू, कडंनं!"

केतकीच्या हातातली सुरी खाली पडली. तोच आवाज, तोच शेवटाला वर चढणारा सूर. पाखरं न बिचकता आपल्या नादात होती. आबा बोलले! आबा होडीतून पांढरीजवळून गेले, आणि बोलले! ती ओट्याला टेकून खाली बसली आणि ढसाढसा रडली. वरच्या बाईंना त्या दिवशी वेगळीच शंका आली असणार.

रडून झाल्यावर तिनं सुयोगला फोन लावला. "अरे, आबा बोलले! मी ऐकलं आत्ता!"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"सुयोग?"

"हो... हो ताई," तो म्हणाला. "थोडं थोडं बोलतायत. आठवडा झाला. तुला सरप्राईज द्यायचं हुतं."

"गाढवा! असलं सरप्राईज देतात का? दे, त्यांना फोन दे."

"आत्ता होडीवर हायत ना. तू येऊ नको हां लगेच, डॉक्टर म्हणले गर्दी नको. मी सांगतो कवा यायचं ते."

ऐकेल ती केतकी कसली! कोपऱ्यावरच्या दुकानातून पेढे घेतले आणि तासाभरात ती सोलापूर रस्त्याला लागली. वाटेत गाडीत ती एकटीच मोठमोठ्यानं आबांची हाक देऊन बघत होती.

घराचं दार उघडं होतं. आबा खाटेवर बसले होते. तिला पाहताच त्यांचा चेहरा उजळला.

"आबा! बोला की! मी ऐकलं सगळं. आता माझ्यासमोर म्हणा."

आबा तिच्याकडे बघत राहिले. ओठ हलले. "अ..." म्हणाले. मग पुन्हा, "अ..." गळ्याच्या शिरा ताणल्या, डोळ्यांत पाणी आलं, पण पुढे काही आलं नाही. पेढ्यांचा पुडा केतकीच्या हातातच राहिला.

तिला काही कळेना. सकाळची हाक तिनं स्वतःच्या कानांनी ऐकली होती आणि सुयोगनंही ती खरी असल्याचं सांगितलं होतं. मग हे काय? आबांनी तिचं मनगट धरलं, दाराकडे, पाण्याकडे मान केली. आणि हात वर केला. बोटं फडफडवली. मनगट फिरवलं.

खोलीत पंखा भरारा चालू होता.

तेव्हा कुठं केतकीच्या डोक्यात उजेड पडला. ही खूण तिला चालायला यायच्या आधीपासून येत होती. उठली, माघारी फिर. पंख्याचा त्यात काडीचा संबंध नव्हता. चैत्रापासून हा म्हातारा रोज रात्री जीव तोडून तेवढं एकच सांगत होता, आणि ती पडद्यापलीकडून हसून म्हणत होती, सुयोग, पंखा मोठा कर रे. एवढी शिकलेली बाई, पण भावानं सांगितलेला अर्थ तिनं मुकाट्यानं घेतला होता.

ती आबांना होडीत बसवून पांढरीकडे निघाली. मोटार लांबच बंद केली, वल्हं हातात घेतलं. विचारायला तोंड उघडलं, पण विचारायचं कुणाला? पांढर रिकामी होती. एक अंडं नाही, पिसाचा तुकडा नाही. हाकारा मात्र जागेवर होता, आणि त्याच्या कर्ण्यांतून किंकाळ्या येत होत्या. उठवणी. केतकीनं स्वतः महिनाभर बसून घडवलेलं भय. आपल्या कामाचा दर्जा उत्तम आहे, हे तिला त्या क्षणीही जाणवलं, कारण तिच्याच अंगावर काटा आला.

तिनं उठवणी बंद केली आणि मागचं झाकण उघडलं. थेट प्रक्षेपणाच्या मायक्रोफोनची तार काढलेली होती. ती नीट गुंडाळून, चिकटपट्टी लावून ठेवली होती, सुयोगची सगळी कामं अशी नीटनेटकी असत. आपल्या स्वयंपाकघरात रोज जे यायचं ते पांढरीवरून येतच नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं. हाकारा जशी शेकाट्यांना भरल्या वस्तीची साक्ष देतो, तशीच तो तिलाही देत होता. दर वेळी नवं, दर वेळी वेगळं, म्हणून तिला संशय यायला जागाच नव्हती. पकडला गेला तो एकाच ठिकाणी. ज्याची वाचा गेली होती त्या माणसाला त्यानं बोलतं केलं होतं.

पांढरीवरचा डबा तर किंकाळ्याच मारत होता, म्हणजे आनंदी आवाज काढून तो पुण्याला पाठवणारा दुसरा हाकारा कुठंतरी चालू असणार. आबांनी पलीकडच्या काठाकडे बोट केलं.

तिथं कंपनीनं बांध घालून उथळ तळं केलं होतं. पंपानं पाणी भरायचं, चिखल राखायचा आणि समितीला दाखवायचं, की बघा, पाखरं आपल्या खुशीनं इकडं आली, पांढरीची त्यांना गरज नाही. हे सगळं तिला नंतर सुयोगनंच सांगितलं. तेव्हा तिला दिसलं ते असं. तळं आटून कडेनं भेगाळलेलं, मध्ये नुसता चिखल. बांधावर तीन-चार कुत्री जिभा काढून पडलेली. सगळीकडे अंड्यांची टरफलं. वर शेकाटे घिरट्या घालत ओरडत होते, आणि मध्ये उभ्या केलेल्या कर्ण्यांतून पिल्लांची सुखी चिवचिव चालू होती. एक मादी पुन्हा पुन्हा कर्ण्याजवळ उतरायची, त्याच्याभोवती फिरून चिखलात बघायची, काही नसे, मग उडायची.

आबांना काठाला लावलेल्या होडीत ठेवून केतकी बांधावर चढली.

सुयोग धावत बांधावर आला. तिचा फोन आल्यापासून तो बहुधा इथंच होता. शर्टावर चिखल, हातात काठी. कुत्री हाकलून दमला होता.

"ताई, तू... ऐक माझं."

"समिती येऊन गेली?"

"गेल्या सोमवारी. पांढर मोकळी बघितली, हितं दीडशे पाखरं बघितली. कंपनीवाल्यांनी पिल्लं उडूस्तोवर पंप चालू ठिवतो म्हणलं हुतं, ताई. शपथ. समिती गेली आन दुसऱ्या दिवशी पंप काढून नेला. मला बी फसवलं त्यांनी."

"तुला त्यांनी फसवलं," केतकी म्हणाली. "मला तू."

त्यानं काठी टाकली. "मग काय करायचं हुतं मी? मासा उरलाय का पाण्यात? हंगामात पांढरीभवती जाळं टाकायचं न्हाय, मोटार लावायची न्हाय. तुझं नाव झालं, तुझे फोटो आले. चिखलात उभा राहून डबे पुसले कुणी? पट्टे आले तर वस्तीतल्या धा पोरांना बोटीवर काम लागतंय. तुला इचारलं असतं तर तू हो म्हणली असतीस?"

"नसते म्हणाले. म्हणून तर विचारायचं होतं."

"आन तू काय लई खरं वागलीस?" त्याचा आवाज चढला. "पयल्या वर्साला पांढरीवर एक पिल्लू नव्हतं, तरी तुझा डबा पिल्लं वरडवत हुता. खोटं बोलूनच बोलावलंस की पाखरांना! तवा टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. मी तेच केलं. तुझंच यंत्र, म्या फकस्त बटन दाबलं."

हे केतकीला लागलं, आणि लागायलाच हवं होतं. खोट्या साक्षीचं यंत्र तिनंच बनवलं होतं. ते सज्जनाच्याच हातात राहील असं गृहीत धरलं होतं, कारण तो हात तिच्या भावाचा होता.

"मी खोटं बोलून बोलावलं," ती म्हणाली, "पण जागा खरी होती, सुयोग. आली ती जगली. तू त्यांना कुत्र्यांच्या तोंडी दिलंस. ते एक वेळ मला समजेल, तू पोटासाठी केलंस म्हणेन. पण सकाळी मी रडत होते फोनवर. आबा बोलले म्हणून रडत होते. आणि तू हो म्हणालास."

सुयोग टाकलेली काठी उचलायला वाकला.

"फोनवर एकदा 'नाही' म्हणाला असतास, तर मी तुला माफ केलं असतं. तू केसानं गळा कापलास माझा."

नेमकं त्याच वेळी कर्ण्यांतून ती हाक आली. खणखणीत, शेवटाला चढत गेलेली. "येऊ का बायांनू? कडंनं जातू, कडंनं!"

होडीत बसलेल्या आबांनी दचकून मान वर केली. स्वतःचा आवाज त्यांनी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. ते उठले, सुयोगनं धरायला केलेला हात त्यांनी झिडकारला, आणि केतकीच्या आधारानं चिखल तुडवत कर्ण्यांपाशी गेले. तिथं उभं राहून ऐकू लागले. पुन्हा हाक येते का, याची वाट बघत होते. चेहऱ्यावर काय होतं ते केतकीला बघवेना.

"आबा," सुयोग रडवेला होऊन म्हणाला, "तुमचा आवाज एवढाच राहिलाय ओ. एवढ्यापायी तरी चालू ऱ्हाऊ द्या."

केतकीच्या मनातही तेच आलं होतं, आणि ते सुयोगच्या तोंडून यावं याचा तिला संताप आला. पण आबांनी लेकाकडे बघितलंच नाही. ते वर घिरट्या घालणाऱ्या पाखरांकडे बघत होते. ती मादी पुन्हा कर्ण्याशी उतरली, तशी आबांनी खाली वाकून तारांचा जुडगा मुठीत धरला आणि हिसडा मारून तोडला.

चिवचिव थांबली. नुसती खऱ्या पाखरांची ओरड उरली.

दुसऱ्या दिवशी केतकी समितीपुढे उभी राहिली आणि सगळं सांगितलं. हाकारा खोटं बोलतो, कुणाच्याही बाजूनं बोलतो, आणि तो माझा आहे, असं स्पष्ट म्हणाली. भावाचं नावही तिनं लपवलं नाही. संस्थेनं सगळीकडचे हाकारे बंद करून परत मागवले. ज्यांनी तिचे फोटो छापले होते त्यांनीच आता तिला लबाड म्हटलं. समितीनं पांढरीला एक उन्हाळा वाढवून दिला, मात्र कुठलंही यंत्र न लावता वीण दिसली पाहिजे, अशी अट घातली. हंगामाच्या शेवटी पाखरं कानोसा घ्यायला येतात तेव्हा पांढरीवर ऐकण्यासारखं काहीही नव्हतं. पुढच्या वर्षी कोण येणार होतं?

सुयोग कंपनीच्या कामावर पलीकडच्या काठाला राहायला गेला. आठवड्याला फोन करायचा. "ताई, मी बोलतोय. चुकलो मी." आवाज त्याचाच असायचा, अगदी हुबेहूब. केतकी ऐकून घ्यायची आणि ठेवून द्यायची. आवाज हुबेहूब असण्याचं तिला आता काही वाटत नव्हतं.

ती नोकरी सोडून आबांजवळ येऊन राहिली. पुढच्या चैत्रात पाणी उतरलं, पांढर उघडी पडली. रोज पहाटे दोघं होडी घेऊन लांब थांबायची. वस्तीतल्या बाकीच्यांनीही, कुणी न सांगता, तिकडची जाळी काढून घेतली होती. बरेच दिवस काहीच झालं नाही. शेकाट्यांची जोडपी वरून जायची, एक फेरी मारायची आणि पुढे निघून जायची. ज्यांची पिल्लं गेली होती ती कशाला थांबतील?

मग एके सकाळी आबांनी तिच्या गुडघ्यावर थाप मारली. दोन जोडपी चिखलात उतरली होती. एक पाखरू खडे उचलून मांडत होतं. आठवड्यानं दोन्ही जोडप्यांतलं एकेक पाखरू अंड्यांवर बसायला लागलं. समितीनं येऊन दुर्बिणीतून बघितलं आणि पांढर राहिली, निदान त्या वर्षापुरती. दोन जोडप्यांसाठी एवढं पाणी अडवलं म्हणून कंपनीच्या लोकांनी कपाळाला आठ्या घातल्या.

त्याच आठवड्यात पलीकडच्या काठावरून एक होडी आली. बरीच लांब असताना मोटार बंद झाली आणि वल्ह्याचा आवाज येऊ लागला. सुयोग होता. अंगावर कंपनीचा निळा शर्ट. फोनवर उत्तर मिळत नव्हतं म्हणून समोर आला असावा. पांढरीपासून ठरल्या अंतरावर त्यानं वल्हं थांबवलं. त्याच्या आणि केतकीच्या होडीमध्ये पांढरीचं टोक होतं, आणि तिथंच ती दोन पाखरं अंड्यांवर बसलेली होती.

त्यानं तोंडाशी हात नेला. आवाज आबांसारखा खणखणीत नव्हता, मध्येच फाटला.

"येऊ का?"

बायांनू म्हणाला नाही. नजर पाखरांकडे नव्हती.

केतकीनं आबांकडे पाहिलं. आबा लेकाकडे बघत होते. डोळे भरले होते, पण हात मांडीवरच होते. हे तुझं तू ठरव, असंच जणू म्हणत होते. केतकीला शाळेच्या चड्डीत पाण्यात उडी मारणारा पोरगा आठवला, आणि आबांच्या खोलीतला भरारा चालणारा पंखाही आठवला.

पाखरं बसूनच राहिली. त्यांनी सुयोगकडे मानही वळवली नाही.

केतकी मात्र होडीत उठून उभी राहिली.

सुयोगनं तोंडाशी नेलेला हात खाली घेतला. मग त्यानं वल्ह्यानं होडी वळवली. पांढर बरीच मागे पडेपर्यंत तो वल्हवत राहिला आणि मगच त्यानं मोटार लावली.